उणे ऐंशी

मी चेहरे पाहत नाही. माझ्याकडे नळ्या येतात,
जांभळ्या टोपणाच्या, पिवळ्या टोपणाच्या,
ग्लिवित्सेच्या कर्करोग रुग्णालयात, तळघरात,
जिथल्या खिडकीतून फक्त सायकलींची चाके दिसतात
आणि बर्फ पडला की तीही नाहीत.

त्याची नळी पहिल्यांदा आली तेव्हा नोव्हेंबर होता.
पिएखा, एर्विन. एकाहत्तर. उजवे फुप्फुस, वरचा कप्पा.
कागदाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीने 'खाणीत तीस वर्षे' लिहिलेले.
बहुतेक गेर्ट्रुडानेच; सुई तीच टोचते,
आणि तिचा बापही तिथेच खाली उतरायचा.

न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट.
एवढेच गणित, चौथीतल्या पोराला जमेल असे.
भागाकार मोठा आला तर पुढची वाट आखूड,
असे तक्ते म्हणतात. तक्ते शंभरांबद्दल बोलतात,
एकाबद्दल विचारले की गप्प.
त्याचा आला सहा पूर्णांक दोन.
अल्ब्युमिन उतरलेले, सीआरपी चढलेले.
मी तिन्ही आकडे लिहिले आणि चहा प्यायले.

मग तेहतीस दिवस त्याला यंत्राखाली झोपवले.
किरण गाठीवर धरतात, पण रक्त कुठे थांबून राहते?
ते जाते त्या न दिसणाऱ्या उजेडातून,
आणि लिम्फोसाइटची जात मुळातच हळवी.
दर गुरुवारी मी मोजत होते:
नऊशे. सहाशे. चारशे दहा.
साथीच्या दिवसांत शाळेची हजेरी घ्यावी तसे.

एका गुरुवारी तो स्वतःच खाली आला,
दवाखान्याच्या सपाता, वर खाणकामगाराचा जाड कोट.
"मोजणारी तूच का गं?"
खिशातून त्याने पितळी भिंग काढले.
"माझी शर्यतीची कबुतरे आहेत. शुक्रवारी ट्रक यायचा न्यायला.
आदल्या रात्री एकेकाचा डोळा यातून बघायचो.
बुबुळाभोवतीचे कडे दाट असेल तर पाखरू घर गाठते."
"आणि गाठायचे?"
त्याने नाक खाजवले.
"सगळ्यात देखणा डोळा एका निळसर मादीचा होता.
ओस्नाब्र्युकहून निघाली. अजून येतेच आहे.
आणि एक नर, कडे फुटके, शेपूट अर्धे,
गारपिटीतून आला आणि छपरावर बसून मलाच शिव्या घालत राहिला."
"मग बघायचात कशाला?"
"अगं, मग रात्रभर करायचे काय?"

मी त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले.
तो बराच वेळ वाकून होता, श्वासाची शिट्टी वाजत होती.
"हे माझे?"
"तुमचेच."
"फार सुटे सुटे आहेत," तो म्हणाला,
थवा न धरणाऱ्या पिलांवर नाराज व्हावे तसा.

दुसऱ्या वर्षी आलेख तयार झाला. उतरता जिना.
प्रत्येक पायरी म्हणजे कुणीतरी.
मध्येच बारीक उभ्या रेघा आहेत, त्या पायऱ्या नव्हेत:
इथवर होता, पुढचे माहीत नाही.
चौदाव्या महिन्यावरची रेघ एर्विन आहे.
तपासणीला आला नाही. फोन वाजत राहिला.
गेर्ट्रुडा सुट्टीच्या दिवशी बसने जाऊन आली,
दाराला कुलूप, खुराडे धुतलेले.
एक शेजारीण म्हणाली, मुलीकडे गेला, जर्मनीत.
दुसरी म्हणाली, छे, मुलगी कुठली?

आज वरून चिठ्ठी आली: नवे प्रथिन शोधायचे आहे,
जुने नमुने काढा.
उणे ऐंशीच्या पेटीत, तिसऱ्या ओळीत, सातव्या भोकात
त्याचा नोव्हेंबर जसाच्या तसा आहे.
नळीवर नाव नाही, फक्त क्रमांक,
पाखराच्या पायातल्या कडीवर असतो तसा.
हातमोज्यातूनही बोटे बधिरली.

वितळायला वीस मिनिटे लागतात.
मी खिडकीपाशी उभी राहते.
चाके. एक कुत्रा.
परत चाके.